भाऊजींची बारा मिनिटं

आमच्या भाऊजींनी सव्वीस वर्षं अकरा ट्रक चालवले आणि त्यातल्या एकातही कधी पाय ठेवला नाही. यात कोडं काही नाही. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. औषधांच्या एका मोठ्या गोदामात ते नियोजन बघायचे. कोणत्या ट्रकमध्ये कोणता माल, कोणत्या रस्त्यानं, आधी कुठे आणि नंतर कुठे, हे सगळं ते टेबलाशी बसून ठरवत. आणि ट्रकमध्ये ते बसले नाहीत, कारण त्यांना गाडी लागते.

लागते म्हणजे साधी नाही. माझ्या लग्नाला नवऱ्याकडची मंडळी पाऊण तास उशिरा आली ती यांच्यामुळे. चार वेळा गाडी थांबवावी लागली आणि नवरदेवाचा मोठा भाऊ हॉलमध्ये आला तो दोघांच्या खांद्यावर हात टाकून, लिंबू हुंगत. घरात हे सगळ्यांना माहीत, पण बाहेर कुणी एक शब्द काढायचा नाही, असा दंडक. घरापासून गोदाम चाळीस मिनिटं. ते रोज चालत जात आणि तिथे सांगत, ‘प्रकृतीसाठी चालतो.’ नुसतं सांगत नसत, चालण्याचे फायदे या विषयावर मॅनेजरपासून हमालापर्यंत सगळ्यांना ऐकवत. बिचाऱ्या हमालांना, जे दिवसभर पाठीवर खोकी घेऊन चालतच असत.

त्यांच्या टेबलामागे भिंतभर नकाशा होता. अकरा ट्रकांचे अकरा रंगांचे दोरे, प्रत्येक थांब्याला एक टाचणी. एकशे चाळीस टाचण्या. त्या नकाशावरची धूळ झाडायलाही कुणाला परवानगी नव्हती. सकाळी सगळे ड्रायव्हर त्यांच्यासमोर ओळीनं उभे राहत आणि भाऊजी एकेकाला चिठ्ठी देत. चिठ्ठीबरोबर प्रवचन फुकट. ‘दवाखान्याच्या मागच्या गल्लीनं जा, चार मिनिटं वाचतात.’ ती गल्ली तीन वर्षांपूर्वी भिंत घालून बंद झालेली. ड्रायव्हर म्हणायचा, ‘हो साहेब.’ चिठ्ठी खिशात जायची.

पुढचं मला दिसायचं, कारण मी फाटकावर बसते. ट्रक किती वाजता बाहेर पडला, किती वाजता आत आला, हे मोठ्या वहीत लिहायचं, ड्रायव्हरची सही घ्यायची, चलनावर शिक्का मारायचा, एवढंच माझं काम. माझ्या खिडकीसमोरून ट्रक रस्त्याला लागला की काचेतून एक हात बाहेर यायचा आणि भाऊजींची चिठ्ठी गटारात पडायची. अकराच्या अकरा. फाटकाबाहेर प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या डोक्यानं जायचा. मालसुद्धा त्याच हिशोबानं भरलेला असायचा. जो माल शेवटी उतरणार तो आधी चढवायचा असतो. हमाल भाऊजींची यादी समोर धरायचे आणि हळूच ड्रायव्हरला विचारायचे, ‘खरं सांग, आधी कुठे?’ अशा रीतीनं भाऊजींचं नियोजन सव्वीस वर्षं बिनचूक चाललं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा मला इथे भाऊजींनी चिकटवलं होतं. आम्ही राहतो तो वरचा मजलाही त्यांचाच. हे उपकार ते बोलून दाखवत नसत असं मी म्हणाले तर माझी जीभ झडेल.

मग गेल्या वर्षी सॉफ्टवेअर आलं. मॅनेजरनं सगळ्यांना गोळा केलं आणि पडद्यावर चित्रं दाखवली. आता म्हणे संगणक ठरवणार, किती ट्रक लागतील, कुठला माल कधी मागवायचा, कुठल्या फळीवर ठेवायचा. मॅनेजरला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मान मात्र अशी हलवत होता की जणू रात्रभर बसून त्यानंच ते लिहिलं. सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून एक मॅडम आल्या होत्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, चपलेचा आवाज न करणाऱ्या. मला वाटलं, गेली भाऊजींची सद्दी. मला, खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

पण झालं भलतंच. मॅडमनी विचारलं, ‘प्रत्येक थांब्यावर माल उतरवायला किती वेळ लागतो, याची कुठे नोंद आहे का?’

‘नोंद कसली?’ मॅनेजर हसून म्हणाला. ‘सगळं आमच्या साहेबांच्या डोक्यात आहे.’

मी दहा पावलांवर उभी होते. माझ्यामागे फळीवर फाटकाच्या वह्या होत्या, वर्षानुवर्षांच्या. त्या वह्या आहेत हे मॅनेजरच्या गावीही नव्हतं. चोरी झाली तरच त्या वह्या उघडायच्या असतात, अशी तिथली समजूत.

मॅडमनी मग ड्रायव्हरांना विचारलं. ड्रायव्हर म्हणाले, ‘सांगता येत नाही. दिवसावर आहे. माणसावर आहे.’ हे खरं उत्तर होतं, पण खऱ्या उत्तराला रकान्यात जागा नव्हती. तेव्हा भाऊजी पुढे झाले. खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि एका दुपारी एकशे चाळीस थांब्यांची मिनिटं तोंडपाठ सांगितली. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान, सात मिनिटं. सरकारी गोदाम, नऊ. मोठं हॉस्पिटल, बारा. कुठे अडखळणं नाही, कुठे ‘अंदाजे’ नाही. मॅडम टाइप करत होत्या, मॅनेजर बघत होता आणि भाऊजी हरभऱ्याच्या झाडावर वर वर चढत होते.

मोठं हॉस्पिटल बारा मिनिटं! तिथला स्टोअरकीपर सलाइनचं प्रत्येक खोकं उघडायला लावतो, प्रत्येक बाटलीवरची तारीख वाचतो आणि मधेच त्याला कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून मोजतो. हे फाटकावरच्या मला माहीत, कारण ड्रायव्हर सही करताना त्याच्या नावानं बोटं मोडतात. भाऊजींना माहीत नव्हतं. त्यांनी ते हॉस्पिटल टाचणीएवढंच पाहिलं होतं.

सॉफ्टवेअर मात्र प्रामाणिक निघालं. जे सांगितलं ते त्यानं खरं मानलं, हाच काय तो त्याचा गुन्हा. भाऊजींच्या मिनिटांची बेरीज करून त्यानं सांगितलं की अकरा ट्रक लागतच नाहीत, दहा पुरेत. मॅनेजर आनंदानं वेडा व्हायचा बाकी राहिला. त्यानं लगेच हेड ऑफिसला कळवलं आणि कळवताना भाऊजींचं नाव घातलं. ‘अनुभव आणि तंत्रज्ञान यांचा संगम’, असलं काहीतरी. भाऊजींनी ते पत्र घरी आणून जाऊबाईंना दोनदा वाचून दाखवलं. आम्हाला खाली बोलावून तिसऱ्यांदा.

आता अकरातला एक ड्रायव्हर जाणार हे ठरलं. कोण, तेही सॉफ्टवेअरच सांगणार होतं. ज्याचा माल ठरल्या वेळी पोहोचला नाही असा गिऱ्हाइकाचा फोन येईल, त्याचं नाव पडद्यावर लाल. दोन महिने ज्याचं नाव सगळ्यांत जास्त लाल, त्याचं कंत्राट पुढे नाही.

लाल झाला तीन नंबर. आमच्याकडे ड्रायव्हरांना ट्रकच्या नंबरानंच ओळखतात. तीन नंबर म्हणजे पन्नाशी उलटलेला, सावकाश बोलणारा माणूस. एकोणीस वर्षांत त्याच्या हातून एक बाटली फुटली नव्हती. म्हणूनच सलाइनचा माल त्याच्याकडे, म्हणूनच मोठं हॉस्पिटल त्याच्याकडे. चौदा थांबे. भाऊजींच्या मिनिटांप्रमाणे तो साडेतीनला परत यायला हवा. तो रोज साडेसहाच्या पुढे यायचा, आधीही आणि आताही. आधी त्याला कुणी उशीर म्हणत नव्हतं. त्याची दोन मुलं शिकत होती, बायकोचे गुडघे गेले होते आणि या वयात नवीन ठिकाणी त्याला कुणी उभं करणार नव्हतं. हे तो सांगत फिरत नसे. मला माहीत होतं, कारण संध्याकाळी शेवटचा ट्रक त्याचा आणि शेवटची सही त्याची.

तो भाऊजींकडे गेला. फाटकाच्या खिडकीतून मला त्यांचं टेबल दिसतं आणि ऐकूही येतं.

‘साहेब, हॉस्पिटलला बारा मिनिटं तुम्हीच दिलीत ना? जरा वाढवून द्या. तिथे पन्नासच्या खाली कधी सुटका नाही.’

‘आता माझ्या हातात काय आहे?’ भाऊजींनी काखा वर केल्या. ‘सगळं सिस्टिम ठरवते.’

‘सिस्टिमला तुम्हीच सांगितलंत.’

‘तू जरा हात उचलून काम कर. बाकीच्यांना जमतं, ते तुलाच कसं जमत नाही?’

बाकीच्यांनाही जमत नव्हतं. बाकीचे हॉस्पिटलला जात नव्हते, म्हणून कमी लाल होते, इतकंच.

त्या रविवारी मी जेवताना विषय काढला. रविवारी आम्ही खाली भाऊजींकडेच जेवतो. म्हटलं, ‘भाऊजी, सांगून टाका की चुकलं. मॅडम समजूतदार आहेत. आकडा बदलतील.’

‘काय चुकलं?’

‘बारा मिनिटं.’

भाऊजींनी घास खाली ठेवला. जाऊबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी ताटात काहीतरी टाकलं. ‘जेवताना नको गं त्यांना बोलूस,’ त्या म्हणाल्या. नवऱ्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. आमच्या घरात ‘गप्प बस’ असं सांगायची ती पद्धत आहे. मी गप्प बसले.

तीन नंबर मात्र गप्प बसला नाही. त्यानं सरळ मॅडमना गाठलं आणि सांगितलं, ‘वेळा चुकीच्या आहेत.’ मॅडमनी चिडचिड केली नाही. ट्रक कुठे आणि किती वेळ उभा आहे ते सांगणारी यंत्रं दुसऱ्या टप्प्यात येणार होती आणि दुसरा टप्पा कधी येणार हे हेड ऑफिसलाही माहीत नव्हतं. म्हणून त्या म्हणाल्या, ‘सोपं आहे. नियोजनवाले साहेब एक दिवस तीन नंबरमध्ये बसून जातील. प्रत्येक थांब्याची वेळ स्वतः लिहितील. ते लिहितील ते आपण मानू.’

मॅनेजरनं भाऊजींची पाठ थोपटली. ‘यांच्याहून चांगलं कोण लिहिणार?’

भाऊजींची पाचावर धारण बसली. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. दुसऱ्या दिवशी ते गोदामात आले तेव्हा पोटात अन्नाचा कण नव्हता, गोळी घेतलेली होती, खिशात लिंबू होतं आणि हातात मॅडमनी दिलेला छापील कागद. चौदा थांबे, चौदा रिकामे रकाने आणि तळाशी ‘फाटकावर परत येण्याची वेळ’, शिक्क्यासाठी चौकोन. मी काही न बोलता त्यांना चार प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या. त्यांनी त्या काही न बोलता घेतल्या. ट्रकची पायरी उंच असते हेही त्यांना माहीत नव्हतं; तीन नंबरनं वरून हात दिला तेव्हा सव्वीस वर्षांचे नियोजनकार वर चढले. सात वीसला ट्रक बाहेर पडला.

सहा चाळीसला आला. तीन नंबर आधी उतरला, दुसऱ्या बाजूला गेला आणि भाऊजींना लहान मुलासारखं उचलून खाली ठेवलं. शर्टाची बटणं चुकीची लागलेली, चष्मा खिशात, तोंडाचा रंग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. त्यांना माझ्या खिडकीजवळच्या बाकावर बसवून तो माझ्याकडे आला.

‘पहिल्या पुलापासूनच सुरू झालं,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘मग सीटमागच्या फळीवर निजवलं त्यांना. आपण गाडी हळू घेतली, पण थांबवली कुठे नाही, वेळ खोटी व्हायला नको म्हणून. प्रत्येक थांब्यावर किती लागले ते मोठ्यानं सांगितलंय साहेबांना. हॉस्पिटलला बावन्न. ते हूं म्हणाले.’ मग बाकाकडे बघून, ‘हे कुणाला बोलू नका ताई. कुणालाही लागू शकते गाडी.’

त्यानं वहीत सही केली. वेळेचा रकाना मी भरला नव्हता, कारण भाऊजींना पाणी द्यायला उठले होते. तो ट्रक लावायला आत गेला.

भाऊजी पाणी प्यायले. त्यांनी चूळ भरली, चष्मा लावला. खिशातून तो कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि लिहायला लागले. कुठेही अडखळणं नव्हतं. मी मागे उभी राहून बघत होते. कोपऱ्यावरचं दुकान, सात. सरकारी गोदाम, नऊ. मोठं हॉस्पिटल, बारा. चौदाच्या चौदा, त्या दुपारी सांगितले तेच. मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

‘साडेतीन लिही आणि शिक्का मार. वहीतही तेच लिही.’

‘भाऊजी, सात वाजायला आलेत.’

‘मला घड्याळ दिसतं.’

‘त्यानं तुम्हाला बावन्न सांगितलं.’

‘सांगितलं,’ भाऊजी म्हणाले. ‘पण हेड ऑफिसला दहा ट्रक कळवलेत. माझ्या नावानं कळवलेत. आता मी जाऊन काय सांगू, की मी कधी तिथे गेलोच नव्हतो? आणि आज गेलो तो फळीवर पडून?’

‘मग त्याचं काय होईल?’

‘त्याला कुठेही काम मिळेल. त्याला ट्रक चालवता येतो.’ त्यांनी नाक पुसलं. ‘मला काय येतं, सांग.’

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा खरं बोलला होता आणि मला त्यांची दया आली, हे मी कबूल करते. दया आली आणि तिथेच त्यांनी ती घालवली. ‘तुला इथे कुणी बसवलं, ते जरा आठव,’ ते म्हणाले. ‘आणि वर कुणाच्या घरात राहता, तेही.’

इथपर्यंत मी भाऊजींना बरंच बोलले. ते शेखी मिरवतात, ते भित्रे आहेत, ते स्वतःला वाचवायला दुसऱ्याचं घर बुडवतात. सगळं खरं आहे. आता माझं सांगते. माझ्यामागे त्या वह्या होत्या. कुठलंही पान उघडलं असतं तरी तीन नंबरच्या पुढे साडेसहा, पावणेसात, सहा चाळीस दिसलं असतं, प्रत्येक ओळ माझ्या अक्षरात, प्रत्येक ओळीला त्याची सही. एक वही काखेत मारून मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायची, एवढंच करायचं होतं. मॅडम अजून गेल्या नव्हत्या. त्यांच्या खोलीत दिवा होता.

मी साडेतीन लिहिलं. कागदावर लिहिलं, शिक्का मारला, मग वहीत लिहिलं, त्याच्या सहीच्या शेजारी. मला वरचा मजला दिसत होता, नवऱ्याचं रिकामं बसणं दिसत होतं. मी भ्याले. नाकानं कांदे सोलणारी मी, दोन मिनिटांत भाऊजींच्या पंगतीला जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद पाहिला, भुवई जराशी उचलली, शिक्का पाहिला आणि खाली घेतली. शिक्क्यावर कोण शंका घेणार? तीन नंबर संध्याकाळी सही करायला आला. त्याची नजर आपोआप वर, कालच्या आपल्या ओळीवर गेली. त्यानं साडेतीनवर बोट ठेवलं. मी टेबलावरच्या शिक्क्याची शाई उगाच नीट करत होते. तो भांडेल, ओरडेल, वही उचलून नेईल, असं मला वाटत होतं, आणि नेलीच तर बरं होईल, असंही वाटत होतं. त्यानं खालच्या ओळीत सही केली आणि तो गेला.

महिनाअखेर त्याचं कंत्राट संपलं. भाऊजींना हेड ऑफिसकडून काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र आलं. ते त्यांनी नकाशाशेजारी लावलं आहे. दुसऱ्या गावच्या गोदामांना हे तंत्र शिकवायला त्यांना बोलावणं आलं तेव्हा त्यांनी प्रकृतीचं कारण सांगितलं, म्हणून आता त्यांचं भाषण मोबाइलवर काढून सगळीकडे पाठवलं जातं. त्यात ते ‘प्रत्यक्ष अनुभव’ हे शब्द सहा वेळा वापरतात. मी मोजले आहेत. हॉस्पिटलचा माल आता चार नंबर नेतो. चार नंबर लाल आहे. माल रोज उशिरा पोहोचतो आणि मॅनेजर रोज सांगतो की सॉफ्टवेअर अजून शिकतंय.

तीन नंबरचा शेवटचा दिवस शनिवार होता. ट्रक आत आला, त्यानं किल्ली माझ्या खिडकीत ठेवली. सीटखालचा आपला डबा आणि एक जुना स्वेटर तेवढा बरोबर घेतला होता. बावन्न मिनिटं तोंडाशी येऊन राहिली होती. मी वही त्याच्याकडे फिरवली. त्यानं पेन उचललं, पण सही केली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘आज खरी वेळ लिहा.’

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी वही परत माझ्याकडे फिरवली आणि तो बघत असताना लिहिलं, सहा बेचाळीस. त्यानं ते वाचलं आणि मग सही केली.